‘कसंतरी होतंय’ याला इंग्रजीत काय म्हणायचं?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला दिलेला विषय होता ‘नोकरीसाठी इंग्रजी’. तो मी मागाहून थोडा बदलून घेतला. मुलाखतीचं इंग्रजी तुम्हाला कुठेही शिकायला मिळेल. आमच्या मिरजेत गल्लीगल्लीत स्पोकन इंग्लिशचे क्लास आहेत, त्यातला एक माझाच आहे. पण मागच्या वर्षी रमजानच्या आधी एका जुन्या विद्यार्थ्याचा मला रात्री अडीच वाजता फोन आला, आणि त्यानं जे विचारलं ते माझ्या क्लासच्या एकाही पुस्तकात नव्हतं.

हा मुलगा पुण्यात असतो. परदेशी कंपनीच्या ग्राहकांचे फोन घ्यायचं काम. रात्रभर इंग्रजीत बोलतो, माझ्यापेक्षा सफाईनं बोलतो. तो म्हणाला, “मॅडम, ‘कसंतरी होतंय’ला इंग्रजीत काय म्हणतात?” मी झोपेत होते. म्हटलं, “अनईझी म्हण. जेवण बाधलं का?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दोन महिने झाले मॅडम.”

तेव्हा मी उठून बसले.

झालं होतं असं. दोन महिने त्याला झोप नव्हती, भूक नव्हती, कामावर जाताना लिफ्टमध्ये रडू यायचं. ऑफिसला तो मेल करत होता. आधी पोट दुखतं म्हणून, मग ताप, मग नानीचं निधन. नानी एकदाच मरते, पण यानं तिला दोनदा मारलं आणि पकडला गेला. (हसू नका. तोही हे सांगताना हसला होता, पण ते हसू वेगळं होतं.) आता नोटीस आली होती. डॉक्टरला तो दाखवून आला होता, कागदावर आजाराचं नाव लिहिलेलं होतं. पण ते नाव मेलमध्ये लिहायचं कसं? ‘मेंटल’ हा शब्द आपल्याकडे काय अर्थानं वापरतात ते तुम्हाला माहीत आहे. क्रिकेट खेळताना कॅच सुटला की ओरडतो तो शब्द. स्वतःच्या नावापुढे तो कोण लावून घेईल?

आम्ही दोघांनी मिळून तीन वाक्यं लिहिली. तीन वाक्यांना पाऊण तास लागला. ‘आय ॲम बीइंग ट्रीटेड फॉर डिप्रेशन. माय डॉक्टर हॅज ॲडव्हाइज्ड टू वीक्स ऑफ रेस्ट. द सर्टिफिकेट इज अटॅच्ड.’ त्यानं मधे चार ठिकाणी ‘सॉरी’ घातलं होतं, ते मी काढायला लावलं. कावीळ झाली असती तर सॉरी म्हणाला असतास का, असं विचारलं. त्याला सुट्टी मिळाली. तुमच्या ऑफिसातही मिळेलच, असं मी सांगू शकत नाही. साहेब कसा भेटतो त्यावर असतं. आणि आजाराचं नाव सगळ्यांना सांगायलाच हवं असंही नाही. बऱ्याचदा ‘मेडिकल लीव्ह’ एवढं पुरतं. पण न सांगणं आणि सांगताच न येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता माझं स्वतःचं सांगते. हे मी स्टेजवरून पहिल्यांदा सांगते आहे.

अब्बा गेले तेव्हा अम्मी एकसष्ट वर्षांची होती. इद्दतीचे चार महिने दहा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. इद्दत संपली आणि लोकांचं येणं थांबलं. त्यानंतर अम्मी म्हणायला लागली, “कैसा तो होरा, बेटा.” आपल्या दखनीतलं हे ‘कैसा तो’ आणि मराठीतलं ‘कसंतरी’ एकाच घरातली भावंडं आहेत. अपचन झालं तरी कसंतरी, घाबरलं तरी कसंतरी, जगावंसं वाटत नसलं तरी कसंतरीच.

मी तिला एका मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. मी इंग्रजीची शिक्षिका, मलाही त्यात बरं वाटलं, खोटं का बोलू. अम्मी बाजूच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. त्यांनी विचारलं, काय होतंय. अम्मीनं माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं: “शी इज फीलिंग वीक.”

वीक. त्या एका शब्दावर रक्त तपासलं, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, कॅल्शियम झालं, टॉनिकच्या बाटल्या झाल्या. पुढच्या वेळी मी म्हटलं, ‘शी हॅज गॅस ट्रबल.’ तर घशातून नळी घालून पोट तपासलं. डॉक्टरांचा दोष मी काढत नाही. मी जो शब्द दिला त्याचे त्यांनी उपचार केले. दीड वर्ष असं गेलं. मग एका दवाखान्यात रांगेत बसलो असताना एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं, माझ्याकडे न बघता, थेट तिला विचारलं, “चाची, सकाळी डोळे उघडले की पहिलं काय वाटतं?” अम्मी म्हणाली, “काय को खुले, ऐसा लगता.” कशाला उघडले, असं वाटतं.

मी शेजारी उभी होते. दीड वर्षात हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

तर मला आज जे सांगायचं आहे ते या ‘वीक’बद्दल आहे. मोघम शब्दाला मोघम मदत मिळते. आज तुमच्या प्रिस्क्रिप्शनची भाषा इंग्रजी आहे, एचआरच्या मेलची आहे, आणि रात्री गुपचूप मोबाइलवर तुम्ही जे शोधता त्याचीही बरीचशी आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे दुभाषे तुम्हीच असता. म्हणून हे शब्द नीट शिकायचे. वहीत घ्यायचे असतील तर घ्या, स्पेलिंग मागाहून बघू.

सुरुवात ‘सॅड’पासून. सॅड म्हणजे दुःखी, आणि त्याला बहुतेक वेळा कारण असतं. नापास झालो, लग्न मोडलं. ‘लो’ म्हणजे मन उतरलेलं. आज आहे, उद्या नसेल. ‘डिप्रेशन’ हे मात्र आजाराचं नाव आहे. निदान दोन आठवडे, दिवसातला बराच वेळ, जवळजवळ रोज उदास वाटणं किंवा कशातच रस न उरणं, आणि त्याबरोबर झोप, भूक, ताकद, एकाग्रता यांत बिघाड. मॅच हरल्यावर ‘फुल डिप्रेशन यार’ म्हणायची आपल्याला सवय आहे. मी काही भाषेची पोलीस नाही, म्हणा. पण ग्रुपमध्ये रोज दहा जण तो शब्द असा वापरतात तेव्हा अकरावा खरंच आजारी असला तरी त्याला तोच शब्द वापरावा लागतो आणि कुणी मान वर करून बघत नाही.

‘होपलेस’चं त्याहून वाईट झालं आहे. आपल्याकडे होपलेस ही शिवी आहे. ‘काय होपलेस माणूस आहे!’ पण ‘आय फील होपलेस’ याचा अर्थ मी नालायक आहे असा नाही. पुढे काही बरं होईल असं मला दिसतच नाही, असा आहे. हे वाक्य कुणी उच्चारलं तर हातातला फोन खाली ठेवायचा.

‘नम्ब’ हा शब्द मला फार उपयोगी वाटतो. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो ना, तसं मन. पुष्कळ मुलं सांगतात, मॅडम, रडूसुद्धा येत नाही, म्हणजे मला काही झालेलं नाही. अरे, तेच झालेलं असू शकतं. ‘ओव्हरव्हेल्म्ड’ सांगली-मिरजेच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. ऑगस्ट २०१९ आठवा. कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा कुठल्या बादलीनं बुडवलं असं विचारण्यात अर्थ नव्हता. फी, घरचं भाडं, बहिणीचं लग्न, परीक्षा, प्रत्येक गोष्ट एकेकटी झेपणारी असते, पण सगळं मिळून डोक्यावरून जातं. त्याला ओव्हरव्हेल्म्ड म्हणायचं. ‘टेन्शन’ म्हणू नका. टेन्शन आपण इतक्या गोष्टींना म्हणतो की ते आता ‘कसंतरी’चंच इंग्रजी झालंय. नुसतंच टेन्शन म्हणालात तर डॉक्टर पुन्हा विचारतील, म्हणजे नेमकं काय?

आता एक व्याकरणाची गोष्ट, कारण त्याशिवाय मला चैन पडत नाही. मराठीत आपण म्हणतो: मला भीती वाटते, मला राग आला, मला दुःख झालं. राग आला, म्हणजे तो बाहेरून आला, आणि आला तसा जाईल. ‘मी’ वेगळा, राग वेगळा. इंग्रजीत काय म्हणतात? आय ॲम ॲन्ग्री, आय ॲम सॅड. ‘मी आहे’ आणि ‘दुःख’ एकमेकांना चिकटून. इंग्रजांना त्याची सवय असेल. पण आपला एखादा मुलगा रात्री उशीवर डोकं ठेवून ‘आय ॲम डिप्रेस्ड, आय ॲम डिप्रेस्ड’ असं घोकतो, तेव्हा आपल्या भाषेनं ठेवलेलं ते अंतरही तो घालवतो, असं मला वाटतं. म्हणून मी क्लासमध्ये ‘आय फील’ वापरायला सांगते. डॉक्टरांनी निदान केलं असेल तर ‘आय हॅव डिप्रेशन’ म्हणा, जसं ‘आय हॅव डायबिटीस’ म्हणतो. आपलं ‘मला’ तिथे शाबूत राहतं.

आणि किती दिवस ते सांगा. ‘फॉर थ्री वीक्स.’ आपण सगळे ‘सिन्स थ्री वीक्स’ म्हणतो, ते चूक आहे, पण डॉक्टरसमोर ती चूक खुशाल करा. चुकीचं ‘सिन्स’ चालेल, आकडा गाळलेला चालणार नाही. डॉक्टर वापरतात अशी नऊ प्रश्नांची एक यादी आहे, पीएचक्यू-नाइन नावाची, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली. ती मनाचं वर्णन मागतच नाही. गेल्या दोन आठवड्यांत हे किती दिवस झालं, एवढंच विचारते. कामात रस वाटला नाही, झोप बिघडली, थकवा आला, भूक कमी झाली किंवा फार वाढली, लक्ष लागलं नाही, स्वतःविषयी वाईट वाटत राहिलं, असे किती दिवस? ती मराठीतही मिळते. तिच्यावरून स्वतःचं निदान करू नका, पण डॉक्टरकडे जाण्याआधी वाचा. अम्मीला घेऊन जाण्याआधी मी ती वाचली असती तर ‘वीक’ म्हणाले नसते.

कुणाकडे जायचं, हेही इंग्रजीतच आडवं येतं. ‘सायकिॲट्रिस्ट’ हे डॉक्टर, औषध तेच लिहितात. ‘सायकॉलॉजिस्ट’ आणि ‘काउन्सेलर’ बोलून उपचार करतात, गोळ्या देत नाहीत. डिप्रेशनच्या गोळीचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून ती मनानं बंद करायची नसते. अम्मीच्या बाबतीत पाचव्या आठवड्यात कळलं. मी केलेली खिचडी तिनं बाजूला सारली आणि म्हणाली, मीठ कुठे आहे? पावणेदोन वर्षांत तिनं माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

आता ऐकणाऱ्याचे शब्द. हे जास्त अवघड आहेत, कारण आपल्याला वाटतं ते येतातच.

मित्र म्हणाला, तीन आठवडे झोप नाही. आपण काय म्हणतो? ‘चिअर अप यार.’ ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थिती असते लोकांची.’ घरी काय म्हणतात? ‘सब्र कर.’ ‘नमाज सोडलीस म्हणून असं होतं.’ ‘ईमान कमजोर झालं.’ मुलगी असेल तर ‘नाटकं’, नाहीतर बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणून ताईत. नमाजनं, दुआनं अनेकांना आधार मिळतो, माझ्या अम्मीलाही मिळतो. पण तीन आठवडे झोप नसलेल्याला ते उत्तर म्हणून दिलं की बोलणं तिथेच संपतं. त्याला कळतं की या माणसाला यापुढचं सांगायचं नाही.

आणि दुःखाला ईमानाची कमतरता म्हणणाऱ्यांनी याकूब अलैहिस्सलाम यांना आठवावं. यूसुफच्या शोकानं त्यांची दृष्टी गेल्याचं कुरआनातच आलं आहे. हजरत खदीजा आणि अबू तालिब गेले ते वर्ष ‘आमुल-हुज्न’, दुःखाचं वर्ष, म्हणून आपण सांगतो. त्या दुःखाला कुणी कमजोरी म्हणत नाही. नवव्या-दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी नावाच्या विद्वानानं शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर एक पुस्तक लिहिलं. त्यात कारण माहीत असलेलं दुःख आणि कारण सापडत नाही असं दुःख, अशी त्यानं विभागणी केली. इंग्रजीतला ‘मेलन्कली’ आणि आपल्या नाना-दादांच्या उर्दूतला ‘मालीखूलिया’ हा एकच ग्रीक शब्द आहे. कैरवानच्या इसहाक इब्न इमरान या हकिमानं त्यावर अरबीत ग्रंथ लिहिला, आणि अकराव्या शतकात तो लॅटिनमध्ये गेला. म्हणजे हा विषय आपल्या घरात युरोपातून आलाय असं कुणी म्हणालं तर सांगा, निदान काही सामान इथून तिकडे गेलं होतं.

मग म्हणायचं काय? ‘दॅट साउंड्स रिअली हार्ड.’ फार अवघड जातंय तुला. एवढंच, सल्ला नाही. ‘डू यू वॉन्ट मी टू लिसन, ऑर डू यू वॉन्ट हेल्प?’ मी नुसतं ऐकू, की काही करू? मला हे वाक्य फार आवडतं, कारण आपण सगळे विचारायच्या आधीच करायला धावतो. ‘आय ॲम जस्ट चेकिंग इन ऑन यू.’ एका मुलीला हे हॉटेलचं वाटलं होतं, खोली घेतली का म्हणून. याचा अर्थ, काही काम नाही, तू कशी आहेस ते बघायला फोन केला. आणि आपली ताकद संपली तर तेही सांगता येतं: ‘आय कॅन टॉक टिल इलेव्हन, अँड आय विल कॉल यू टुमॉरो.’ मग उद्या फोन करायचा, हे महत्त्वाचं. चोवीस तास उपलब्ध असायला आपण हेल्पलाइन नाही. हेल्पलाइन आहे: टेली-मानस, १४४१६. केंद्र सरकारची, मोफत, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ पासून आहे. आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा, मी थांबते.

झालं? एक शेवटचा शब्द. ‘बर्डन.’ ओझं. ‘आय ॲम अ बर्डन टू एव्हरीवन.’ मी गेलो तर सगळे सुटतील. हे कानावर पडलं, कुठल्याही भाषेत, तर सरळ विचारायचं: ‘आर यू थिंकिंग ऑफ एंडिंग युअर लाइफ?’ जीव द्यायचं मनात येतंय का? विचारल्यानं डोक्यात विचार घुसतो, हा गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, गोळ्या, कीटकनाशक असं जे हाताशी असेल ते दूर करायचं, घरातलं एक मोठं माणूस आणि डॉक्टर गाठायचे. ‘कुणाला सांगू नकोस’ अशी शपथ घातली असली तरी. कायद्याला घाबरून दवाखाना टाळू नका. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच मानलं जातं आणि त्याच्यावर खटला चालवला जात नाही. इंग्रजीत ‘कमिट सुसाइड’ म्हणणंही आता बरेच जण टाळतात, कारण ‘कमिट’ गुन्ह्यासाठी वापरतात. ‘डाइड बाय सुसाइड’ म्हणतात. आपल्याकडे असं मरण आलेल्या घरात लोक जेवायला बसत नाहीत, जनाज्याला जायचं की नाही यावर कुजबुज करतात. त्या घरातल्या आईशी बोलायला आपल्याकडे कुठले शब्द आहेत, ते मला अजून सापडलेले नाहीत. मी जाऊन बसते.

चहा यायला दहा मिनिटं आहेत असं आयोजक खुणावत आहेत. तोवर जोड्या करा, शक्यतो ओळखीच्या माणसाबरोबर नको. एकानं ‘फॉर द लास्ट टू वीक्स, आय हॅव बीन फीलिंग’ म्हणून वाक्य सुरू करायचं आणि खरं तेवढंच सांगायचं. छोटं चालेल, मराठीत संपवलं तरी चालेल. दुसऱ्यानं दोन मिनिटं सल्ला द्यायचा नाही. मागच्या रांगेतल्यांनो, तुम्हीसुद्धा.